चुंदाचं जेवण आणि आमची चूल

आमच्या नात्यातल्या लग्नपत्रिका मी कॉलेजात असल्यापासून जपून ठेवत आलो आहे. तथागत, बाबासाहेब, त्रिशरण-पंचशील हे सगळ्या पत्रिकांवर असतंच. माझं लक्ष असतं जेवणाच्या ओळीकडे. जुन्या पत्रिकांत तिथे नुसतं 'स्नेहभोजन' असायचं. अलीकडे 'शाकाहारी भोजन' असं ठळक छापतात. लग्नात गोड आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना बोटी-रस्सा ही पद्धत जुनीच आहे, तिची कुणाला लाज नव्हती. पण ते पत्रिकेवर छापून जगाला सांगावंसं कधीपासून वाटायला लागलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

घरात यावर दोन पक्ष आहेत. काका इगतपुरीहून विपश्यना करून आले तेव्हापासून मटणाला शिवत नाहीत आणि प्राणिहत्या न करण्याच्या पहिल्या शीलाचा दाखला देतात. आत्याचं उत्तर ठरलेलं: "बाबासाहेबांनी मेलेलं सोडायला सांगितलं. मटण सोडायला नाही सांगितलं." मी बरीच पुस्तकं चाळली. आत्याचं म्हणणं त्यांतल्या बहुतेकांपेक्षा सरळ निघालं.

महाडची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे सोडायला सांगितलं. हा सोवळ्याचा उपदेश नव्हता. मृत ढोर ओढणं हा महारकीचा भाग होता आणि ते मांस म्हणजे त्या वेठीची मजुरी. खाणं सोडलं म्हणजे गावाशी असलेला करार मोडला, आणि गावालाही ते लगेच कळलं.

ही बाब किती झोंबली होती, याचा पुरावा १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सापडतो. आदल्या दिवशीच्या दीक्षेबद्दल आपण खूप बोलतो, या भाषणाबद्दल कमी. त्यात बाबासाहेब 'केसरी'तल्या जुन्या पत्रव्यवहाराची आठवण काढतात. मेलेल्या जनावराची कातडी, शिंगं, खुरं, हाडं यांतून महारांना वर्षाकाठी पाचेकशे रुपये मिळू शकतात, ते कशाला सोडता, असा हिशेब पत्रलेखकांनी मांडला होता. बाबासाहेबांचं उत्तर असं की मग हे काम तुम्हीच करा, नफा तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी माझ्या खिशातून देतो. माझ्या मते आपल्या अन्नाच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा संवाद आहे. त्यात मांस पवित्र की अपवित्र याचा उल्लेखही नाही. प्रश्न आहे तो ढोर कुणी ओढायचं याचा.

बावीस प्रतिज्ञांत दारू स्पष्ट नाकारली आहे, श्राद्धपक्ष आणि पिंडदानही. प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, पण मांसाहार सोडण्याची नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब हत्येची हौस आणि हत्येची गरज यांत फरक करतात आणि अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात. त्याआधी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी मांडलं होतं की अस्पृश्य मुळात वाताहत झालेले बौद्ध होते आणि ब्राह्मणांनी गोमांस सोडल्यावरही ते खात राहिले म्हणून त्यांना बाहेर टाकण्यात आलं. हा सिद्धांत सगळ्या इतिहासकारांना पटलेला नाही. पण त्यात बौद्ध असणं आणि मोठ्याचं खाणं हे एकमेकांच्या विरोधात उभं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं.

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे येतो. धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, १८७६ चा जन्म, सारस्वत घराणं. बुद्धाच्या शोधात घर सोडून सिलोनला गेले, भिक्षू झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं, हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनावर काम केलं. परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. १९४०-४१ मध्ये त्यांचं 'भगवान बुद्ध' दोन भागांत निघालं आणि त्यातल्या मांसाहारावरच्या प्रकरणाने त्यांना बरंच सोसावं लागलं.

सुरुवात चुंद लोहाराच्या घरच्या जेवणाने होते. परिनिर्वाणापूर्वी बुद्धाने तिथे 'सूकरमद्दव' खाल्लं. ते डुकराचं मांस की एखादी वनस्पती, यावर अट्ठकथांतही एकमत नाही. कोसंबींनी पळवाट घेतली नाही. वैशालीच्या उग्ग गृहपतीने बुद्धाला डुकराचं मांस वाढल्याचा उल्लेख अंगुत्तरनिकायात आहे, तो त्यांनी पुढे ठेवला. इथपर्यंत कुणी फारसं रागावलं नसतं. पण पुढे त्यांनी जैन आगमांतल्या उताऱ्यांवरून लिहिलं की त्या काळी जैन श्रमणही मांसाची भिक्षा घेत आणि खुद्द महावीरांच्या आजारपणातल्या एका प्रसंगाचा अर्थही तसाच लागतो. जैन समाजातून तीव्र निषेध झाला. ते शब्द वनस्पतींचे आहेत, असं जैन पंडितांचं म्हणणं. हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने १८८४ च्या आचारांगाच्या भाषांतरात मांस असाच अर्थ घेतला होता, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता.

कोसंबींनी हे जैनांना हिणवायला लिहिलं, असं म्हणणाऱ्यांनी त्यांची अखेर पाहावी. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर त्यांची इतकी श्रद्धा होती की त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. शरीर थकल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली. महावीरांच्या ताटाबद्दल जैनांचा रोष ओढवून घेतलेला हा माणूस जैन मुनींच्या वाटेने गेला. इतका सडेतोड आणि इतका निर्वैर अभ्यासक मराठीत दुसरा मला दिसत नाही.

विनयपिटकातली सीह सेनापतीची कथाही याच वादाची आहे. सीह निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, उपासक, तो बुद्धाकडे आला. त्याने बाजारातून तयार मांस आणवून भिक्षुसंघाला जेवू घातलं. गोतमासाठी सीहाने मोठं जनावर मारलं, अशी ओरड निर्ग्रंथांनी वैशालीभर केली. तेव्हा नियम ठरला की आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं नाही आणि तसा संशयही नाही, असं मांस भिक्षूला चालेल. याच बुद्धाने सीहाला निर्ग्रंथांना भिक्षा देणं बंद करू नकोस, असं बजावलं होतं. संघावर मासे-मांसबंदी घाला, ही मागणी देवदत्ताची, आणि बुद्धाने ती सक्तीची करायला नकार दिला. विनयात दहा प्रकारचं मांस निषिद्ध आहे: माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल, तरस. यादीत गाय नाही, डुक्कर नाही.

मग आमच्या पत्रिकांवरचा तो आग्रह आला कुठून? मला तो धम्मातून आलेला वाटत नाही, तो शेजारच्या आळीतून आला. शहरात खोली भाड्याने घेताना 'नॉनव्हेज चालणार नाही' ऐकलेली पिढी स्वतःच्या घरात तोच नियम करते आणि त्याला पहिल्या शीलाचं नाव देते. मनापासून मांस सोडणाऱ्या काकांबद्दल मला आदर आहे. खाणाऱ्याला कमी बौद्ध ठरवणाऱ्यांबद्दल नाही.

यात हरवतं आहे ते स्वयंपाकाचं ज्ञान. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवलेल्या चान्या. तेल परवडत नसे तेव्हा कढवलेली चरबी. रक्ती, वजडी, रस्सा दाट करणारा येसूर. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातलं हे सगळं नोंदवलं, तेव्हा कुठे ते छापील मराठीत नीट आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. ६ मे २०१६ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीचं चालतं. पण 'मोठ्याचं' हा शब्द आमच्याकडे आता आवाज खाली आणूनच उच्चारतात. आत्याने चान्या शेवटच्या कधी केल्या, हे तिलाही आठवत नाही.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं. माझी विनंती एवढीच की त्यातली एक संध्याकाळ कोसंबींच्या त्या प्रकरणाला द्यावी, आणि वाचन झालं की वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला बोलतं करावं. तिच्या आईच्या चुलीवर काय शिजायचं आणि कसं, ते कुणीतरी वहीत उतरवून घ्यावं. पुस्तकं पुन्हा छापता येतात, या बायका मात्र थोड्याच उरल्या आहेत.