गटारात माणूस मेला, आरोपी झाले गाणे!

एप्रिल महिना आला की आमच्या जालना जिल्ह्यात बदनापूरपासून परतूरपर्यंत गावोगाव भीमजयंतीचे स्टेज उभे राहते. ढोलकीवर थाप पडते आणि आयाबाया लेकरांना मांडीवर घेऊन मध्यरात्रीपर्यंत शाहिराची गाणी ऐकत बसतात. अशा शाहिराला पोलिसांनी भर कार्यक्रमात स्टेजवरून उचलले तर? आणि गुन्हा कोणता, तर म्हणे त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली!

वाचकहो, 'कोर्ट' या मराठी चित्रपटाचे कथानक हेच आहे. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाच्या या चित्रपटाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. गाणी शाहीर संभाजी भगत यांची. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. माणूस गेला, काम राहिले.

परवा वस्तीतल्या सात-आठ कुटुंबांनी एकत्र बसून टीव्हीवर हा चित्रपट पाहिला. आम्हाला वाटले, कोर्टकचेरीचा विषय, बायामाणसे कंटाळतील. झाले उलटेच. पोलिसांचा साक्षीदार ठेवणीतला, दुसऱ्या खटल्यांतही तोच उभा! एका बाईने बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकायला तयार नाहीत. सरकारी वकीलबाई १८७६ सालचा, इंग्रजांच्या अमदानीतला नाटकांवरील बंदीचा कायदा घडाघडा वाचून दाखवतात. आमच्या वस्तीत हशा पिकला. तमाशात सोंगाड्या हवालदाराची फिरकी घेतो, तेव्हा पिकतो तसाच. फरक एवढाच की येथे सोंगाड्या नाही. सगळे अगदी गंभीरपणे वागतात, आणि त्याचेच हसू येते.

पुढे मृत कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहते आणि हसू जागच्या जागी थांबते. नवरा गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकून पाहायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. वासामुळे दारू प्यावी लागे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत्महत्येचे तो कधी बोललाही नव्हता. आमच्या खोलीत त्या वेळी कोणी खोकलेसुद्धा नाही.

तेव्हा प्रश्न असा, की त्याला गाण्याने मारले की साधनांशिवाय गटारात उतरवणाऱ्यांनी? आरोपीच्या पिंजऱ्यात शाहीर उभा आहे, कामावर पाठवणारा मात्र कोठेच दिसत नाही. चित्रपटातला खरा गुन्हा हा आहे.

बंधू-भगिनींनो, हे केवळ पडद्यावरचे नाही, म्हणून कायदा ठाऊक असावा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. ठेकेदार दहा-वीस हजार हातावर ठेवून कागदावर अंगठा मागेल. देऊ नका. पंचनाम्याची व शवविच्छेदन अहवालाची नक्कल घ्या, जपून ठेवा आणि जाणत्या कार्यकर्त्याला गाठा.

चित्रपटाच्या शेवटाकडे शाहीर पुन्हा तुरुंगात जातो, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि दालनातले दिवे एकेक करून विझतात. अंधार बराच वेळ राहतो. आमच्यापैकी एका आजीने विचारले, "मग त्या शाहिराचं काय झालं?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

यंदा जयंतीच्या स्टेजवर शाहीर उभा राहील, तेव्हा टाळ्या वाजवाच. पण त्याच्यावर कधी वेळ आली, तर कोर्टाच्या बाकावरही आपणच दिसलो पाहिजे. जयभीम!