आधी प्लग काढा, मग इंजिन खोला

मागच्या भागानंतर बडोद्याहून एका प्रेक्षकांचा प्रश्न आला. बारा वर्षं जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. चढावर ओढत नाही, सकाळी सुरू होताना अडखळते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खर्च ऐकून घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली आहे. काय करावं?

माझं उत्तर सोपं आहे. आधी प्लग काढा. फौजेत ड्रायव्हर गाडी बाहेर काढण्यापूर्वी 'फर्स्ट परेड' करतो: तेल, पाणी, हवा, बॅटरी, सगळं बघून मगच चावी. शिस्त तीच आहे. आधी तपासणी, मग निदान, आणि पाना सगळ्यात शेवटी.

प्लग काढताना

इंजिन थंड होऊ द्या. हल्लीच्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढला तर आटे खराब होतात. प्लगच्या खड्ड्यातली धूळ सायकलच्या पंपानं उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. वायर धरून ओढू नका, रबरी टोपी धरून काढा. एका वेळी एकच प्लग काढा म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. काढलेले प्लग कागदावर 1, 2, 3, 4 असे क्रमानं मांडून ठेवा.

प्लग काय सांगतो

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तो सिलिंडर ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे सिलिंडर जास्त तापतोय. आणि टोक तेलानं ओलं, चिकट असेल तर तेल वर चढतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याची ही खूण.

चारही प्लग सारखेच झिजलेले असतील, तर फक्त बदलून बघा. साधे प्लग साधारण 20 ते 30 हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे बरेच जास्त. गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, बहुतेक गाड्यांत 0.7 ते 1.1 मिलिमीटर. फीलर गेजनं मोजा. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे गॅपकडे आणखी लक्ष द्या. नवा प्लग आधी बोटांनी पूर्ण बसवा. वॉशरवाला प्लग असेल तर मग पान्यानं साधारण अर्धा फेरा. त्याहून जोर लावू नका.

कॉम्प्रेशन

प्लग बदलूनही ओढ येत नसेल, तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम करा आणि हात भाजणार नाही इतपत कोमट झाल्यावर सगळे प्लग काढा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचा जोड सोडवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा ठोके स्टार्टर फिरवा आणि आकडा लिहा.

चांगल्या पेट्रोल इंजिनात 150 ते 200 पीएसआय दिसतं. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. लेहला, 3,500 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. तिथे धडधाकट इंजिनही कमी आकडा दाखवतं. चारही सिलिंडर मात्र सारखेच खाली येतात.

समजा आकडे आले 165, 160, 162 आणि 105. चौथ्यात छोटा चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला, तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलीय. तेलानं ती फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

हा फरक खिशाला कळतो. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचं काम हेड उतरवून होतं. रिंगांसाठी मात्र इंजिन खरोखर खोलावं लागतं. बडोद्याच्या मित्रांनी आधी प्लग बघावेत आणि गरज पडली तर हे चार आकडे कागदावर लिहून मागावेत. आकडे न घेता कुणी 'खोलू या' म्हणालं, तर दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरावा.

जुनी गाडी विकत घेतानाही हीच परीक्षा घ्या. रंग नवा मारता येतो, मीटर मागे फिरवता येतो, पण प्लग आणि गेज सहसा खोटं बोलत नाहीत.

डिझेल गाडीत हे प्लग नसतात, तेलाची ही चाचणीही तिथे करू नका. त्याबद्दल पुढच्या भागात. जय हिंद.