‘उत्थापन’ या संज्ञेचे तीन अर्थ : फॉइलफळीच्या निमित्ताने

पाण्यावर ओंडका तरंगतो आणि आकाशात घारही तरंगते. मराठीने दोहोंस एकच क्रियापद दिले आहे. परंतु या दोन घटनांची कारणे सर्वस्वी भिन्न आहेत. ओंडका तरंगतो तो त्याने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनामुळे. तो निश्चल असला तरी बुडत नाही. घार मात्र हवेशी सापेक्ष गती असेल तोवरच टिकते. फॉइलफळी या क्रीडासाधनात या दोन्ही अवस्था एकापाठोपाठ एक येतात, आणि म्हणूनच त्याविषयी बोलताना संज्ञांचा जो घोटाळा होतो तो तपासून पाहण्याजोगा आहे.

साधनाची रचना साधी आहे. उभे राहावयाची फळी. तिच्या खाली सुमारे पाऊण मीटर लांबीचा पातळ खांब. त्याच्या तळाशी एक आडवा दांडा आणि त्यावर पुढे पंखासारखे मोठे पाते व मागे तोल सांभाळणारे लहान पाते. वेग पुरेसा वाढला की पाण्यातील पाते पंखाचे कार्य करू लागते व फळी पाण्याबाहेर येते. कल्पना जुनीच आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व केसी बाल्डविन यांच्या ‘एचडी-४’ या नौकेने ९ सप्टेंबर १९१९ रोजी नोव्हा स्कोशियातील ब्रा दोर सरोवरात ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला होता. (हे बेल म्हणजे ‘व्हिजिबल स्पीच’ ही ध्वनिलेखनपद्धती रचणाऱ्या मेल्विल बेल यांचे चिरंजीव.) पॅरिस ऑलिंपिकच्या २०२४ मधील, मार्सेय येथे झालेल्या, शीडफळीच्या व पतंगफळीच्या शर्यती अशाच पात्यांवर झाल्या.

या खेळातील मंडळी एखाद्या पात्याविषयी ‘याला लिफ्ट जास्त आहे’ असे सहज म्हणून जातात. विधान निरुपद्रवी वाटते. पण ते शब्दशः घेतल्यास खोटे ठरते. पाते पाण्याला खाली ढकलते व त्याची प्रतिक्रिया म्हणून पात्यावर ऊर्ध्व दिशेने बल येते. फळी एकाच उंचीवर सरळ चालली असता हे बल स्वार व साधन यांच्या एकत्रित वजनाइतकेच असावे लागते. ते अधिक झाले तर फळी वर जाईल आणि कमी झाले तर खाली येईल. म्हणजे पाते मोठे असो वा लहान, वेग मंद असो वा तीव्र, ९० किलोग्रॅमच्या भाराला सुमारे ८८३ न्यूटन इतकेच उत्थापन लागते व तितकेच मिळते.

मग पात्यापात्यांत भेद कशाचा? उत्थापक बल हे पाण्याची घनता, वेगाचा वर्ग, पात्याचे क्षेत्रफळ व एक गुणांक यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. गुणांक पात्याच्या आकारावर आणि प्रवाहाशी होणाऱ्या त्याच्या कोनावर अवलंबून असतो. कोन वाढविला की गुणांक वाढतो. मात्र एका मर्यादेपलीकडे प्रवाह पात्याच्या वरच्या पृष्ठापासून सुटतो व स्वार पाण्यात पडतो. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला १०२५ किलोग्रॅम, पात्याचे क्षेत्रफळ १००० चौरस सेंटीमीटर आणि गुणांक ०.५ धरल्यास वरील भार पेलण्यास ताशी सुमारे २१ किलोमीटर वेग लागतो. क्षेत्रफळ दुप्पट केले तर १५ पुरतो. तेव्हा मोठे पाते अधिक उत्थापन देत नाही; तेच उत्थापन कमी वेगात देते.

या सवलतीची किंमत रोधाच्या रूपाने मोजावी लागते. मराठीत मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या रकमेस ‘उचल’ म्हणतात, तो अर्थ येथे अनायासे लागू पडतो. रोध मुख्यतः दोन प्रकारचा. पात्याखालचे अधिक दाबाचे पाणी टोकांवरून वर वळते व भोवरे मागे सोडते. हा उत्थापनजन्य रोध. दुसरा पाण्याच्या घर्षणाचा व आकाराचा. भार तोच असता वेग दुप्पट झाला की पहिला चौथाईवर येतो व दुसरा सुमारे चौपट होतो. जेथे दोन्ही समान होतात तेथे एकूण रोध किमान असतो. क्षेत्रफळ मोठे असेल तर हा वेग खाली सरकतो; म्हणूनच नवशिक्याला लवकर उचलणारे पाते पुढे त्यालाच जड वाटू लागते.

येथे लांबीचे महत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. उत्थापनजन्य रोध भार व वेग ठरल्यावर क्षेत्रफळावर नव्हे, तर टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या वर्गावर व्यस्त प्रमाणात अवलंबून असतो. आपल्या उदाहरणात ताशी २१ किलोमीटर वेगाला एक मीटर लांबीच्या पात्यावर तो आदर्श स्थितीत १४ न्यूटन येईल, तर ७० सेंटीमीटरच्या पात्यावर २९. अल्बट्रॉस पक्ष्याचे पंख लांब व अरुंद असण्याचे मर्म हेच.

स्वार ज्याला ‘ग्लाइड’ म्हणतात (आपल्या य-व-श्रुतीशी त्याचा संबंध नाही) ते म्हणजे उत्थापन व रोध यांचे गुणोत्तर. ते सबंध साधनासाठी १५ धरू. मग रोध ५९ न्यूटन होईल आणि त्या वेगाने चालत राहण्यास सुमारे ३४५ वॅट शक्ती लागेल. केवळ पायांनी फळी दाबून-उचलून ती पुरविणारा माणूस लवकरच धापा का टाकतो हे यावरून कळते. उलट, लाटेच्या चढत्या अंगावर पाणी सेकंदाला ०.४ मीटर वर येत असेल तर तेवढ्यावरच हा खर्च भागतो. न फुटलेल्या, साध्या फळीला निरुपयोगी अशा लाटेवर फॉइलफळी दूरवर जाते, ती घार चढत्या हवेत पंख न हलविता राहते त्याच न्यायाने.

सारांश, ‘लिफ्ट’ या एका शब्दाखाली बल, गुणांक आणि प्रत्यक्ष वर येण्याची क्रिया असे तीन अर्थ दडले आहेत. ‘उत्थापन’ हे क्रियावाचक नाम असल्याने ते तिसऱ्या अर्थाकडेच मन ओढते, आणि विद्यार्थी बल म्हटले की हालचाल कल्पितो. माझ्या मते बलासाठी ‘उत्थापक बल’, गुणांकासाठी ‘उत्थापनांक’ असे स्वतंत्र शब्द कटाक्षाने वापरावेत, आणि पाण्याबाहेर येण्याच्या क्रियेला साधे ‘उचलणे’ म्हणावे. ‘ग्लाइड’ला मात्र ‘तरंगणे’ चालणार नाही. ते ओंडक्याकडे राहू द्यावे.