चांदीचे शस्त्र आणि आपला विवेक

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. तो इशारा खरा ठरला. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज आहे.

अशा वेळी शास्त्रज्ञांचे लक्ष चांदीच्या अतिसूक्ष्म कणांकडे वळावे, यात नवल नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून असे कण तयार करण्याची रीत २००४ साली प्रसिद्ध केली. पानांतील द्रव्येच चांदीच्या क्षारापासून धातूचे कण घडवितात. कणांतून सुटणारे आयन जंतूंचे आवरण दुबळे करतात, प्रथिने निकामी करतात. घाव अनेक ठिकाणी बसत असल्याने जंतूला बचाव अवघड जातो.

अवघड, परंतु अशक्य नव्हे. १९७५ सालीच बॉस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात, चांदीच्या क्षारालाही दाद न देणारे जंतू आढळले होते. शिवाय काचपात्रातील यश म्हणजे शरीरातील यश नव्हे. मात्रा वाढल्यास हेच कण मानवी पेशींनाही अपाय करतात.

असे असता, केवळ दुर्गंधी टाळण्यासाठी पायमोज्यांतही चांदीचे कण मिसळण्याची हौस कशासाठी? प्रतिजैविकांची उधळपट्टी आपण करून बसलोच आहोत. नवे शस्त्र हाती येण्यापूर्वीच ते बोथट करणे, हा शहाणपणा खचितच नव्हे.