खोत गेला, मुकादम राहिला!
साखरधंद्याच्या हिशेबात ऊसतोड्याचे घर कुठे?

गिरगावातल्या खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांची, सज्ज्यांची जुनी घरे पाहायला आज दूरदूरचे लोक येतात. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून या वाडीला हे नाव पडले असे सांगतात. पण 'खोत' हा शब्द कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत पोटासाठी आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना वेगळ्याच अर्थाने माहीत होता. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून सारा वसूल करणारा, कुळाकडून वेठ घेणारा मध्यस्थ, तो खोत.

ही पद्धत मोडण्यासाठी १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात महारही होते आणि कुणबीही होते. पुढे १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला आणि खोत गेला.

पण कष्टकऱ्याच्या घामावर बसलेला मध्यस्थ गेला काय? याचे उत्तर हवे असेल तर आपल्या रोजच्या चहातील साखरेचा हिशेब तपासावा लागेल.

सर्वांचा भाव, एकाचा अभाव

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर महाराष्ट्रात साखरेचे मोठे साम्राज्य उभे राहिले. आज हे साम्राज्य अडचणीत आहे, असे कारखानदार सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही.

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. २०१८-१९ च्या हंगामात तो क्विंटलला २७५ रुपये होता, २०२५-२६ साठी ३५५ रुपये ठरला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढची सहा वर्षे तेथेच थांबली. १०.२५ टक्के उताऱ्याने एक टन उसातून साधारण १०२ किलो साखर निघते. ३१ रुपयांनी तिचे सुमारे ३,१७८ रुपये होतात आणि उसाचे द्यायचे ३,५५० रुपये! बाजारभाव किमान किमतीच्या वर असतो, मळी आणि बगॅसचेही पैसे मिळतात, हे खरे. तरीही हिशेब ओढाताणीचा आहे. म्हणून किमान किंमत वाढवा, इथेनॉलला चांगला दर द्या, निर्यात खुली करा, अशा मागण्या होतात.

शेतकऱ्याच्या बाजूनेही कायदा आहे. ऊस दिल्यावर १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज. पैसे थकतात, आंदोलने होतात, पण निदान कायद्यात त्याचा हक्क लिहिलेला आहे.

आता तिसऱ्या माणसाकडे पाहू. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा कोरडवाहू जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, मातंग आहेत आणि आपले बौद्ध बांधवही आहेत. त्यांच्या मजुरीचा दर एफआरपीच्या आदेशात नाही. संप झाला की साखर संघ आणि संघटना यांच्यात करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये अशा करारात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबले तर दीड-दोन टन ऊस तुटतो. म्हणजे दोन टनांचे ७३२ रुपये, माणशी ३६६! त्यातून मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटायची. आजारपणात एक दिवस चुकला तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच्याकडेच. मुकादम स्वतःही कारखान्याच्या पैशाला बांधलेला असतो, हे खरे. परंतु कर्जाने माणूस बांधला जातो त्याला १९७६ चा कायदा वेठबिगारी म्हणतो, आणि संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला मनाई करते.

भगिनींच्या देहाची किंमत

या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर घाव बाईवर बसतो. पालात ना न्हाणीघर, ना शौचालय. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचे, मग रात्री भाकरी थापायच्या. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचे उघड झाले. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक! खाडा पडू नये म्हणून देहाचा अवयव द्यावा लागतो, ही कसली सहकाराची गोडी? आणि एवढे करूनही कोयत्याचा हिशेब नवऱ्याच्याच नावावर!

उपाय मुंबईतच आहे

मशीद बंदरच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालांची अवस्थाही एके काळी अशीच होती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते लढले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुराची नोंद मंडळाकडे, मालकाने पैसे मंडळात भरायचे, मंडळाने मजुराला द्यायचे, वर भविष्यनिर्वाह निधी. साखरेचे पोते उचलणाऱ्याला जो कायदा आहे, तो त्या पोत्यातला ऊस तोडणाऱ्याला का नको?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले आहे. कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. ही चांगली सुरुवात आहे. पण कल्याण म्हणजे हक्क नव्हे. हक्क म्हणजे नोंद, बँकेत स्वतंत्र मजुरी आणि उचलीऐवजी मंडळाकडून बिनव्याजी आगाऊ रक्कम. त्यातही स्त्रीचे खाते तिच्या नावावर हवे.

पैसा कुठून आणायचा? तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाने शेतकऱ्याच्या बिलातून कापतात, म्हणून मजुरी वाढली की लहान शेतकरी धास्तावतो. दोन गरिबांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी ही रीत बदलली पाहिजे. साखरेच्या किमान किमतीत वाढ करायची असेल, तर त्यातील किलोमागे फक्त एक रुपया तोडणी मजुरीसाठी राखून ठेवावा. टनामागे सुमारे १०२ रुपये होतील. ३६६ चे ४६८ होतील. महिन्याला चार किलो साखर घेणाऱ्या गिरगावातल्या घराला त्यासाठी चार रुपये पडतील. आणि निम्म्याहून अधिक साखर तर बिस्किटे, मिठाई, शीतपेये बनवणारे उद्योगच वापरतात.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राजाला सल्ला मिळतो की राज्यात शांती हवी असेल तर यज्ञ नको. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. आपल्या साखर धोरणाने शेतकऱ्याला दर लिहून दिला, कारखान्याला कर्ज आणि इथेनॉल दिले. तिसरी गोष्ट राहून गेली आहे.

बंधू-भगिनींनो, आता ऊस तोडणारी यंत्रेही येत आहेत. उद्या कोयता हातातून गेला तर या कुटुंबांकडे जमीन नाही, शिक्षण नाही. म्हणून आजच, कोयता हातात आहे तोवर, त्यांची नोंद झाली पाहिजे. आपल्या विहारांत, महिला मंडळांत हा विषय चर्चेला घ्या, ठराव करून शासनाकडे पाठवा. गावाकडचे कोणी नातेवाईक तोडीला जात असतील तर त्यांच्या मुलांना हंगामापुरते तरी शाळेजवळ ठेवण्याची सोय करा. खोती कागदावरून जाण्यास विधेयकापासून बारा वर्षे लागली. उचलीची खोती त्याहून लवकर घालवायची असेल, तर मोर्चात पुन्हा सर्व जातींचे कष्टकरी एकत्र आले पाहिजेत.

जय भीम!