गाडी उंच झाली, पण नेमकी कुठे?

डोंगरातल्या कच्च्या वाटेवर गाडी अडते ती दर वेळी इंजिन कमी पडल्यामुळे नव्हे. पुष्कळदा तिचे पोट दगडाला टेकलेले असते. भार दगडावर गेला की चाकांची पकड सुटते आणि ती जागच्या जागी फिरतात. म्हणूनच ऑफ-रोडिंगचा छंद लागलेले अनेक जण आधी खर्च करतात तो ‘लिफ्ट किट’वर. लांब स्प्रिंग किंवा स्पेसर बसवले की गाडी पाच-दहा सेंटिमीटर उंच दिसू लागते. मात्र दिसणारी उंची आणि कामाला येणारी उंची एकच नसते.

‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणजे गाडीखालच्या सर्वांत लोंबत्या भागाचे जमिनीपासूनचे अंतर. २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारमध्ये ते २२६ मिलिमीटर आहे. या गाडीचा मागचा ॲक्सल अखंड आहे. त्यावर डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी चक्रांचा गोळा असतो. ॲक्सल चाकांना जोडलेला आणि स्प्रिंग त्याच्या वर. त्यामुळे स्प्रिंग लांब केली की बॉडी वर जाते, डिफरेन्शियल होता तिथेच राहतो. बॉडी उचलल्याचा फायदा होतोच. चढाला बंपर घासत नाही, उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकत नाही. पण दोन चाकांच्या मधून जाणारा दगड पूर्वीइतकाच घातक राहतो.

डिफरेन्शियल वर नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठे टायर. तिथेही हिशेब निम्म्याचा आहे. टायरचा व्यास पाच सेंटिमीटरने वाढला, तर ॲक्सल अडीचच सेंटिमीटर वर जातो. शिवाय ब्रेकवरचा ताण वाढतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. दुसरा मार्ग महागडा आहे. युनिमॉगसारख्या वाहनांत चाकापाशीच गिअर बसवून ॲक्सल चाकाच्या मध्यबिंदूपेक्षा वर ठेवलेला असतो. त्याला पोर्टल ॲक्सल म्हणतात.

उंचीची खरी किंमत वळणावर मोजावी लागते. गाडी किती सहज उलटेल याचा ढोबळ अंदाज एका साध्या भागाकारातून येतो: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा, चाकांमधले अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे. उत्तर येते १.०७. लिफ्टमुळे गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटर वर गेला, तर ते ०.९६ वर उतरते. टपावर कॅरिअर आणि सामान चढवले की आणखी खाली. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर कलंडते. कच्च्या वाटेवर वेग कमी असल्याने हा फरक पटकन जाणवत नाही. परतीच्या वाटेवर, घाटातल्या वळणावर समोरून अचानक ट्रक आला आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवावे लागले, की तो जाणवतो. अमेरिकी लष्कराची हमवी जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर उंच असूनही स्थिर राहते, कारण तिची रुंदी दोन मीटरहून अधिक आहे. उंचीबरोबर रुंदीचाही विचार मूळ आराखड्यातच केलेला आहे.

लिफ्टचे परिणाम सांध्यांवरही होतात. थारची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. पुढची बाजू उचलली की चाकांना ताकद पोहोचवणारे शाफ्ट अधिक तिरके होतात आणि त्यांचे सांधे लवकर झिजतात. चाकांचे कोन बदलल्याने अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. हेडलाइटचा झोतही वर सरकतो, तोही खाली आणावा लागतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. अपघातानंतर विम्याचा दावा यावरून अडू शकतो.

मग दगडाळ वाटेवर करायचे काय? गाडीखालच्या नाजूक भागांना जाड पत्र्याचे कवच लावावे, टपावरचे ओझे कमी करावे आणि वाट अवघड दिसली की आधी उतरून पाहावी. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्याऐवजी, तो पक्का असेल तर, चाक त्यावर हळू चढवावे. चाकाबरोबर ॲक्सलही वर उचलला जातो. त्या क्षणापुरती हवी तेवढी उंची मिळते आणि दगड मागे पडला की गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते.