कारखान्यातील अलिखित विद्या

दिवाडी बेटावर फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरलेली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका पाहून आपल्या प्राचीन दर्यावर्दी परंपरेचा गौरव पुष्कळांनी केला. तो यथोचितच होता. परंतु या नौकेने उपस्थित केलेल्या दुसऱ्या एका प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून तिचे बाह्यरूप कल्पिता आले, मद्रासच्या आय.आय.टी.त तिच्या प्रतिकृतीची पाण्यातील चाचणीही घेता आली. मात्र खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या एकमेकींस शिवण्यासाठी केरळातील कारागीरच आणावे लागले. श्री. बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी हजारो सांधे हाताने शिवले. दोरी किती ताणली म्हणजे फळी घट्ट बसते आणि नेमके कोठे थांबावे, हे मोजपट्टी सांगत नाही. शेजारी बसलेल्या जाणत्याच्या हाताकडे पाहतापाहताच ते उमगते.

हे केवळ जुन्या नौकांपुरतेच खरे आहे, असेही नव्हे. अमेरिकेत झेरॉक्स यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने अभ्यास केला. कंपनीच्या सूचना-पुस्तिका हाताशी असूनही अडलेल्या यंत्राचे मर्म या मंडळींना गवसे ते पुष्कळदा एकमेकांस सांगितलेल्या अनुभवांतून, असे त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले. आमच्याकडे चहाच्या टपरीवरील असल्या गप्पांना कामचुकारपणा म्हणण्याची रीत आहे!

वेर्णे अथवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी माणसे दर काही महिन्यांनी बदलली, की शिकविणारा आणि शिकणारा यांची गाठच पडत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने प्रत्यक्ष कारखान्यात शिकण्यास मान्यता दिली. २०१५ पासून पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखाली अनुभवाने मिळविलेल्या कौशल्यासही प्रमाणपत्र मिळू लागले. हे स्वागतार्हच. पण ज्याने आपले काम बाजूला ठेवून शेजारच्या पोराला शिकविले, त्या मिस्त्रीच्या पदरी काय पडते? बहुधा, उत्पादन घटल्याची तंबी.

निवृत्तीस आलेल्या अशा मिस्त्रीचे अखेरचे सहा महिने उत्पादनाच्या हिशेबातून वगळून त्याच्या हाताखाली दोन तरुण देण्यास नव्या कायद्याची गरज नाही. कारखानदारांनी त्या खर्चाची तुलना, मिस्त्री गेल्यावर बंद पडलेल्या यंत्रापाशी परगावचा तंत्रज्ञ येईपर्यंत फुकट जाणाऱ्या पाळ्यांशी एकदा करून पाहावी.